उजवा मागचा पाय

मोटरला पाय असतात हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं मी मोटरच्या पोटातलं सगळं शिकलो. आत काय फिरतं, का फिरतं, किती तापतं, यावर पानंच्या पानं लिहून पहिल्या वर्गात पास झालो. पण सहा टनांचं ते धूड जमिनीवर नीट उभं कसं करायचं, यावर एक तासही झाला नाही. ते मला अण्णांनी शिकवलं. त्याच्या बदल्यात मी त्यांना काय दिलं, ते तोंडानं सांगायला मला चार वर्षं लागली आणि कागदावर लिहायला त्याहून कितीतरी जास्त.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मी सीमाभागातल्या एका गावाहून बेंगळूरला आलो होतो. घरी मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी, आणि तिन्हींत मी सारखाच आगाऊ. यशवंतपूरला एका लहानशा कंपनीत नोकरी लागली. कारखान्यांत मोठाल्या मोटरी बसवून द्यायच्या, हे कंपनीचं काम. आम्ही सगळे मिळून आठ माणसं. एक मालक, एक हिशेबनीस, पाच फिटर आणि एक मी, इंजिनियर.

अण्णा मुख्य फिटर. त्यांना सगळेच अण्णा म्हणत, मालकसुद्धा. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं किडकिडीत, खिशात कायम पुसायचं पांढरं फडकं. बेंगळूरच्याच शिवाजीनगरात राहायचे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. ते त्यांनी पाहिलं. तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात माझी ओळख करून देताना ते म्हणत, "आम्ही घोड्यावरनं आलो, हा गेल्या महिन्यात लाल बसमधनं आला. तरी मराठी ह्याचंच खरं म्हणे."

काम समजायला सोपं आहे. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला तिनं फिरवायचं यंत्र, आणि दोघांचे दांडे जोडणारं कपलिंग मध्ये. दोन्ही दांडे एका रेषेत आले पाहिजेत. रेषेत म्हणजे डोळ्याला दिसेल तसं नव्हे. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या पाचांपेक्षा जास्त फरक अण्णांना चालत नसे. कपलिंगवर डायल गेज लावायचा, दांडा हातानं हळूहळू फिरवायचा आणि काटा किती सरकतो ते वाचायचं. मोटर खाली असेल तर तिच्या पायाखाली पितळेचे पातळ पत्रे घालून ती उचलायची. त्या पत्र्यांना शिम म्हणतात.

शिम अण्णा स्वतः कापत. कडा कानशीनं घासून, फडक्यानं पुसून, कोपऱ्यात टोकदार सळईनं तिची जाडी कन्नड आकड्यांत कोरून ठेवत. विकतच्या शिमला ते हात लावत नसत. मोटरच्या पायाखाली शिमखेरीज दुसरं काहीही जाता कामा नये, हा त्यांचा एकुलता एक कायदा. "धूळसुद्धा नको. चार पायांतला एक जरी अधांतरी राहिला ना तम्मा, तर बोल्ट आवळल्यावर अख्खी मोटर पिळवटते." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; मला ते तसंच हाक मारत.

हा कायदा कडक असण्याला कारण होतं. आमच्याकडे यंत्र बसवताना त्याच्याखाली काहीतरी ठेवायची लोकांना फार हौस. हळकुंड, नवधान्य, तांब्याचा तुकडा, नाणं. कुणाचा गुरू सांगतो, कुणाची आजी. अण्णा स्वतः देवभोळे होते, दर शुक्रवारी उपास करायचे. पण ते म्हणत, काय घालायचं ते काँक्रीट ओतायच्या आधी खड्ड्यात घाला, मी स्वतः हात जोडून घालतो. मोटर आल्यावर मात्र नाही.

तुमकूर रस्त्याला एक नवा रबराचा कारखाना उभा राहत होता. रबर मळायच्या यंत्राला सहा टनांची मोटर. आमच्या कंपनीनं तोवर घेतलेलं ते सगळ्यात मोठं काम. कारखानदाराची आई, सत्तरी ओलांडलेली, रोज एक चक्कर मारायची. पायात रबरी चपला, हातात डबा. मी उत्तरेकडचं कन्नड बोलतो याची तिला गंमत वाटायची. मला मुद्दाम बोलायला लावायची आणि डब्यातलं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खायला घालायची. काँक्रीट ओतलं त्या आठवड्यात ती लेकीकडे गेली होती. परत आली तेव्हा मोटर जागेवर आलेली. तिच्या मुठीत एक चांदीचं नाणं होतं, लक्ष्मीचा छाप असलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या वरमहालक्ष्मीच्या सणाला नवऱ्यानं दिलेलं. नवरा या कारखान्याची वीट लागायच्या आधीच गेला होता. ते नाणं मोटरखाली ठेवायचं, एवढंच तिचं मागणं.

अण्णांनी हात जोडले आणि कन्नडमध्ये सांगितलं, "अज्जी, आता जमणार नाही." ती पुन्हा म्हणाली. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा तुटक. म्हातारीचे डोळे भरून आले. ती एका पिंपावर बसून राहिली.

त्याच सकाळी अण्णांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. काट्याचं माप लिहिताना मी अधिकच्या जागी उणे लिहिलं होतं. "कॉलेजात बेरीज-वजाबाकी शेवटच्या वर्षाला असते काय?" असं म्हणाले आणि चारही फिटर खो खो हसले. मला ते लागलं होतं. चूक माझी होती म्हणून जास्तच लागलं.

दुपारी हिशेब निघाला. मागचे दोन्ही पाय एक-एक मिलिमीटर उचलायचे. जॅक लावून मोटरची मागची बाजू वर घेतली. डाव्या पायाखाली अण्णांनी स्वतः शिम घातली. तेवढ्यात पलीकडच्या शेडमधून त्यांना बोलावणं आलं. त्यांनी दुसरी शिम माझ्या हातात दिली. "उजवा मागचा पाय तू बघ. पुसून घाल." एका पायाचं काम त्यांनी मला एकट्याला सोपवलं ते पहिल्यांदाच. सकाळी झापलं म्हणून दुपारी दिलेला तो मान होता, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

ते गेले आणि म्हातारी उठून आली. "मगा," म्हणजे बाळा, एवढंच म्हणाली आणि मूठ उघडली.

मी नाणं घेतलं. त्याची जाडी मोजली. झिजून झिजून ते बरोब्बर एक मिलिमीटर राहिलं होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एक मिलिमीटर म्हणजे एक मिलिमीटर. पितळेचं असो नाहीतर चांदीचं, मोटरला काय कळतंय? म्हातारीचं मन राहील, माप बिघडणार नाही आणि अण्णांचा कायदा म्हणजे नुसता जुनाट हट्ट होता, हे मला मनातल्या मनात सिद्ध करता येईल. एक मिलिमीटरची शिम मी माझ्या पेटीत टाकली आणि तिच्या जागी, बोल्टच्या शेजारी, नाणं सरकवलं. जॅक खाली घेतला. बाहेरून फट दिसू नये म्हणून कडेनं ग्रीस फासलं. तसं आम्ही नेहमीच फासायचो, धूळ जाऊ नये म्हणून.

दीडशहाणा म्हणतात तो हाच. छापाचं नाणं सपाट नसतं. लक्ष्मीचं नाक, कमळाची पाकळी, एवढ्यावरच मोटरचा तो पाय टेकला होता. चांदी मऊ असते. वजन, ताप आणि हादरे खाऊन ती चपटी होणार, हे एखाद्या सोनाराच्या पोरानंही सांगितलं असतं. मी पहिल्या वर्गात पास झालेला होतो, मला सुचलं नाही.

अण्णा परत आले. ग्रीस बघून म्हणाले, "लावलंस? हुशार झालास की." मग त्यांनी लांब दांड्याचा पाना घेतला आणि चारही बोल्ट स्वतः आवळले. समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं. शेवटचा उजवा मागचा. पान्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून, अंगाचं सगळं वजन टाकून, "हं" असा आवाज काढून. तो "हं" मी ऐकला. हे पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तो बोल्ट त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर आवळला.

मापं सुरेख आली. नारळ फुटला, कुंकू लागलं, मोटर सुरू झाली. अण्णांनी बेअरिंगवर तळवा ठेवला आणि "सरी," म्हणजे ठीक, म्हणाले. म्हातारी दूर उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिनं लांबूनच माझी दृष्ट काढली.

दीड महिन्यानं कारखान्यातून फोन आला. मोटर किंचाळतेय, बेअरिंग गेलं, कपलिंगमधल्या रबराचा भुगा होऊन खाली पडलाय, काम बंद. मालकांनी मला आणि अण्णांना व्हॅननं पाठवलं. वाटेत अण्णा काय काय कारणं असतील ते मोजत होते. बेअरिंगमध्ये वंगण कमी पडलं असेल, यंत्राच्या बाजूचं काही सरकलं असेल. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. काहीही असू दे, पण ते नसू दे, असं म्हणत होतो. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी चूक असू दे, असंच म्हणत होतो.

अण्णांची रीत ठरलेली. आधी बोल्टांना विचारायचं, मग बाकी. त्यांनी पाना घेतला. डावा पुढचा पक्का. उजवा पुढचा पक्का. डावा मागचा पक्का. उजव्या मागच्याला पाना लावला आणि तो हाताच्या नुसत्या दाबानं फिरला. खालचं नाणं दबलं होतं, म्हणून बोल्ट सैल पडला होता. पण हे मला माहीत होतं, त्यांना नाही.

त्यांनी पाना काढला. पुन्हा लावला. पुन्हा फिरला. ते सावकाश उठून उभे राहिले.

"हा मी आवळला होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आवळला होता ना, तम्मा? तू इथंच होतास."

कारखान्याचा मॅनेजर शेजारी उभा होता. माझ्या नोकरीचे सहा महिने भरत आले होते, पहिल्या तारखेला कायम व्हायचं पत्र मिळणार होतं. घरी वडलांनी गावभर सांगून ठेवलं होतं. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी एकच गोष्ट होती. मला भीती वाटली. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही, अण्णा."

नुसतं "हो" म्हणालो असतो तरी पुरलं असतं. नाण्याचं नंतर बघता आलं असतं. "हो, आवळला होता" एवढंच, आणि ते खरंही होतं.

ते मॅनेजरबरोबर मालकांना फोन करायला ऑफिसात गेले. मी जॅक लावला, पाय उचलला आणि नाणं बोटानं ओढून काढलं. लक्ष्मीचा चेहरा पुसून गेला होता. ते खिशात टाकलं. पेटीत तळाला पडलेली अण्णांची शिम, कोपऱ्यात कन्नड एकाचा आकडा कोरलेली, पुसून तिथं घातली. अण्णांनी सोपवलेलं काम मी दीड महिना उशिरा केलं. संध्याकाळी परतताना यशवंतपूरच्या एका देवळात शिरलो आणि नाणं दानपेटीत टाकलं. बाहेर आल्यावर मोकळं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते.

बेअरिंग बदललं, मोटर पुन्हा रेषेत आणली. ती पुढं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. अण्णांनी वहीतली जुनी मापं काढून शिमा मोजल्या होत्या. सगळ्या होत्या तितक्याच, होत्या तिथंच. म्हणजे उरला तो बोल्ट. मालक भला माणूस. म्हणाले, "पंचवीस वर्षांत एक बोल्ट राहिला, त्याचं काय एवढं? सोडा." कारखानदारही फार बोलला नाही. अण्णांना कुणी म्हणजे कुणी रागावलं नाही. कुणी रागावलं असतं तर ते भांडले असते, आणि भांडताना त्यांना स्वतःची बाजू घ्यावी लागली असती.

पुढच्या कामाला त्यांनी चार बोल्ट आवळले आणि पाना माझ्याकडे दिला. "तू एकदा बघ." मी बघितले. मग म्हणाले, "आणखी एकदा बघ." त्याच्या पुढच्या कामाला ते आवळता आवळता मध्येच थांबले आणि कुठला झाला, कुठला राहिला ते बोटांवर मोजू लागले. फिटर एकमेकांकडे बघायला लागले. मी रोज सकाळी ठरवत होतो, आज सांगायचं. पहिली तारीख आली, पत्र मिळालं, पेढे वाटले. त्यातला एक अण्णांनी माझ्या तोंडात घातला.

त्याच महिन्यात एका सकाळी त्यांनी मालकांना सांगितलं की आता जमणार नाही. मालक रागावले, समजावू लागले. अण्णा शांतपणे म्हणाले, "हात गेला तर माणूस काम करू शकतो. मला आठवत नाही मी काय केलं ते. अशा माणसानं मोटरला हात लावू नये. कुणाचा तरी जीव जाईल." जाताना त्यांनी आपला डायल गेज मला दिला. लाकडी पेटी, आत बायकोनं शिवलेलं मखमलीचं अस्तर. म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत." मी वाकून नमस्कार केला. त्यांच्या पायांवर डोकं ठेवूनही मला सांगता आलं नाही.

चार वर्षं गेली. शहर बदलत होतं, कामं वाढली. मी कंपनीत मोठा झालो, माझ्या हाताखाली माणसं आली. अण्णांच्या गेजवर शेकडो मोटरी लावल्या. त्यांची चौकशी दुसऱ्यांकडून करायचो, घरी मात्र कधी गेलो नाही. कामाचं निमित्त असतंच माणसाला.

त्या वर्षी आयुधपूजेला मालकांनी अण्णांना आग्रहानं बोलावलं. वर्कशॉप धुतलं होतं, पाने-हातोडे ओळीनं मांडले होते, दारात केळीचे खांब होते. अण्णा आले. पांढरं धोतर, कपाळाला गंध, पण खांदे पडलेले. मालकांनी कुंकवाचं तबक त्यांच्या हातात दिलं. ते एकेका हत्याराला बोट लावत पुढं गेले. शेवटपर्यंत जाऊन वळले, पुन्हा सुरुवातीला आले आणि पहिल्या पान्यावर, जिथं कुंकू लालभडक दिसत होतं, बोट ठेवून विचारलं, "ह्याला लावलं ना मी?" सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं विनोद केला. मी हसलो नाही. पुढच्या रविवारी मी शिवाजीनगरला गेलो.

बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. दार अक्कांनी उघडलं, अण्णांच्या बायकोनं. "यायला वेळ मिळाला?" म्हणाल्या, पण हसून. अण्णा खुर्चीवर बसले होते. समोर पेपर होता, त्यात बोट ठेवलेलं. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की वाटलं, मी तिथूनच परत फिरलो असतो तर बरं झालं असतं. अक्का कॉफी करायला वळताना हळूच म्हणाल्या, "आता घरात काहीच करत नाहीत. नळ बंद केला का, गॅस बंद केला का, दहादा विचारतात. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो, डोकं एकदम चांगलं आहे, ह्यांना कशाची धास्ती बसलीय?"

बैल गेला अन् झोपा केला, तसं माझं चाललं होतं, पण मी बोललो. म्हणालो, "अण्णा, तो बोल्ट तुम्ही आवळला होता."

कुठला, असं त्यांनी विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. सकाळी झापल्याचं, म्हातारीचं, नाण्याचं, ग्रीसचं. सैल बोल्टापाशी उभं राहून खोटं बोललो, ते. नाणं काढून शिम घातली, ते. मग ते दानपेटीत टाकलं, ते. ते ऐकत होते, मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपलं तेव्हा त्यांनी पेपरची घडी घातली.

"नाणं आहे कुठं?"

"देवळाच्या पेटीत टाकलं ना, अण्णा."

"आणि अज्जी?"

"मागच्या वर्षी गेली."

"बरं." मग ते माझ्याकडे बघून हसले. थट्टेचं हसू नव्हतं. लहान मूल आईसाठी चिंध्यांचं काहीतरी करून आणतं, तेव्हा आई हसते तसं. "परवा पूजेला लोक हसले, तुला वाईट वाटलं. म्हणून घरी बसून एवढी मोठी गोष्ट रचलीस होय, तम्मा?"

"देवाशपथ खरं सांगतोय, अण्णा."

"शपथ नको घेऊ. खोट्यासाठी शपथ घेऊ नये." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी तुला विचारलं होतं ना तेव्हा? तू नवा होतास, तुला खोटं बोलायला येत नव्हतं. मी बोल्ट आवळला असता, तर तू हो म्हणाला असतास. तू म्हणालास, आठवत नाही. मी तेव्हाच समजलो, पोरगं मला सांभाळून घेतंय."

मी रडत होतो, आणि ते रडणंही त्यांना मायेचंच वाटत होतं.

अक्का दाराशी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. हातात कॉफीचे दोन पेले होते. "खरं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"हो, अक्का."

त्यांनी विश्वास ठेवला. मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. "चार वर्षं," त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी ह्यांच्या मागनं गॅस बघत फिरतेय." एक पेला अण्णांसमोर ठेवला. दुसरा परत आत नेला. मग पिशवी घेऊन, माझ्याकडे न बघता, बाजाराला निघून गेल्या.

अण्णा ओशाळले. "तिचं मनाला लावून घेऊ नको. तिला बरं वाटलं ऐकून, म्हणून खरं धरलं." त्यांनी स्वतःची कॉफी अर्धी करून मला दिली. मग माझ्या कामाबद्दल विचारलं, कुठं किती टनांची मोटर लावली, किती शतांशात आणली. मी सांगत गेलो. मला आणखी एकदा, दोनदा, तोच विषय काढावासा वाटला, आणि मी काढलाही. त्यांनी दर वेळी तो हातानं माशी वारावी तसा वारला. शेवटच्या वेळी म्हणाले, "पुरे की. तू एवढं केलंस हेच स्वल्प आहे काय?"

मी उठलो तेव्हा बसस्टँडपर्यंत यायचा हट्ट धरून तेही उठले. चपला घातल्या. दाराला कुलूप लावलं, किल्ली काढली, कुलूप ओढून बघितलं. आम्ही गल्लीत दहा-बारा पावलं चाललो असू. ते थांबले.

"कुलूप लावलं ना मी?"

"लावलंत, अण्णा. ओढूनही बघितलंत. मी बघत होतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाठीवर हात फिरवला.

"तू काय, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून हो म्हणणारच," ते म्हणाले आणि बघायला परत गेले.